भोंग्यातली माफी

ती सकाळ नेहमीसारखीच उजाडली. शेडचे शटर वर सरकले आणि पहिला उजेड माझ्या पत्र्याच्या तोंडावर पडला. बायका आल्या. त्यांनी चपला दाराशी काढल्या, डब्यांच्या पिशव्या खिळ्यांना अडकवल्या, डोक्याला फडकी बांधली आणि त्या आपापल्या टेबलाशी बसल्या. पोती उलटी झाली. हिरवट-पिवळ्या बेदाण्याचे ढीग पडले, आणि काड्या व काळे मणी वेचणारी बोटे चालू लागली. थोड्या वेळाने वरच्या काचेच्या केबिनमध्ये दिवा लागला. माझ्या पोटात खरखर झाली आणि मी आतल्या आत आक्रसलो.

मित्रांनो, मी एक जुना भोंगा. सांगली-तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाणा शेडच्या भिंतीला मला चार बोल्टांनी जखडले आहे. मला तोंड आहे, पण शब्द माझे नाहीत. खालचे सारे मला ऐकू येते, पण ते वर पोचवता येत नाही. माझी तार एकाच दिशेने बोलते.

नेहमीच असे नव्हते. साताऱ्यातल्या एका कारखान्यात माझा पत्रा वाकवला गेला आणि म्हसवडच्या नाथाजी मांडववाल्याने मला विकत घेतले. सिद्धनाथाच्या यात्रेत मी खांबावर असे. 'लाल झबल्यातली मुलगी इथे रडते आहे, तिच्या आईने लवकर यावे,' असे मी सांगायचो, आणि गर्दी फोडत एखादी बाई धावत यायची. यात्रा उठली की नाथाजी माझे तोंड पुसत म्हणे, "गड्या, लय पोरं घरला लावलीस बघ." पुढे त्याचा धंदा बसला आणि मी इथे आलो.

इथे माझ्यातून बोलतो तो अतिशय नावाचा तरुण. अतिशय हा शेडचा व्यवस्थापक. वय तिशीचे, शिक्षण पुण्यातले, मनाने वाईट नाही. 'भावनिक बुद्धिमत्ता आणि नेतृत्व' या शिबिराचे प्रमाणपत्र त्याने खुर्चीमागे टांगले आहे. अतिशयची पाठ नेहमी त्या प्रमाणपत्राकडे असते. मालकाचा फोन आला की त्याचा आवाज कापतो, हे मला तारेतून कळे. ती भीती त्याच्या घशात राग होई आणि माझ्या तोंडून बाईच्या नावासकट बाहेर पडे. बायकांना राग तेवढा ऐकू येई.

अतिशय जैन. दर भाद्रपदात पर्युषण सरले की क्षमावाणीच्या दिवशी तो माझ्यातूनच सांगे, "वर्षभरात माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल, तर उत्तम क्षमा." बायका हात न थांबवता ऐकत. चौथ्या टेबलावरची भामाबाई पुटपुटे, "बोलणी नाव घिऊन, माफी मातर घाऊक!" टेबलाभोवती हसू पसरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या सकाळी दिवाळीच्या मालाची घाई होती. मालकाचा फोन वाजला. चौथ्या टेबलावरच्या, सुलाबाईच्या नावाच्या पेटीत काड्या निघाल्या होत्या. ती भामाबाईशेजारी बसे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काम जाईल या धास्तीने तिने ते लपवले होते. भामाबाई तिच्या ढिगातले काळे मणी गुपचूप वेचून घेई. भिंतीवरून मी हे रोज पाहत होतो, पण वर कसे सांगणार?

"सुलाबाई! डोळे घरी विसरून आलात काय? जमत नसेल तर नातवंडं सांभाळा!"

तो शब्द अडवण्यासाठी मी जीव आवळला. पण भोंग्याला ओठ मिटता येत नाहीत.

सुलाबाईने डोक्याचे फडके सोडले, घडी घातली आणि ती उठली. साऱ्या शेडमधली बोटे थांबली. मी वरून ओरडतच होतो, "काय झालं? हात चालवा!" भामाबाईने मान वर केली. "आवं सायेब, तितनं काय दिसतंय? खाली या की!" काचेपलीकडून त्याला तिचे नुसते ओठ हलताना दिसले असतील.

पण अतिशय खाली आला.

सुलाबाई दाराशी पायाने चपला चाचपत होती. एक जोड घालून पाहिला, काढला. दुसरा घातला, तोही तिचा नव्हता. अतिशय पाहतच राहिला.

"मावशी, दिसत नाही का?"

"दिसतंय की. धुरकट दिसतंय."

"कधीपासून?"

"आंब्याच्या दिसापासनं. सांगितलं असतं तर ठिवलं असतंसा व्हय?"

त्याने मान खाली घातली. मग तो जिन्याकडे वळला. मला वाटले, आता माझ्यातून निघेल तो चांगला शब्द, ज्यासाठी मी यात्रा सुटल्यापासून आसुसलो आहे.

"भोंग्यातली माफी नगं बरं का, सायेब," भामाबाई म्हणाली.

पहिल्या पायरीवर तो थांबला आणि परत फिरला. "सुलाबाई, सगळ्यांदेखत तुमचा अपमान केला. माझं चुकलं."

माझ्याविना त्याचा आवाज किती लहान होता! मागच्या टेबलावरून कुणी ओरडले, "ऐकू येईना वो!" हशा पिकला. तोही ओशाळून हसला आणि घसा साफ करून पुन्हा तेच मोठ्याने म्हणाला. "ऑपरेशन करून या. तोवर पुठ्ठ्याच्या पेट्या दुमडून तयार करा. तुमची जागा कुठे जात नाही."

सुलाबाईने पायातल्या परक्या चपला काढल्या.

मित्रांनो, तो एक चांगला शब्द मला वगळून गेला. मला वाईट वाटले, पण तो माझ्यातून यायचा नव्हताच. तुम्ही मोठे व्हाल, कुणाचे तरी वरिष्ठ व्हाल. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा : वरून काम दिसते; माणूस दिसायला खाली यावे लागते.

जेवणाच्या सुट्टीत अतिशयने स्टूल आणले, माझी तार सोडवली आणि गुंडाळून खिशात ठेवली. बोल्ट तसेच राहिले. मग वर जाऊन तो आपली खुर्ची उचलून घेऊन आला आणि चौथ्या टेबलाजवळ उभा राहिला. भामाबाईने आपला डबा सरकवून जागा करून दिली.