मागे काहीच नसलेलं बटण

मी एक बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, त्याला निदान काज तरी असतं. मी पडद्यावरचा हिरवा चौकोन. माझ्यावर लिहिलंय, 'कपडा तयार झाला की गिऱ्हाइकाला कळवा. महिन्याची वेगळी फी.' मला दाबलं की एक ओळ उमटते, 'धन्यवाद, आम्ही फोन करतो.' बस्स. माझ्यामागे काहीच नाही. बडा घर, पोकळ वासा.

मला धाकटीनं बनवलं. एका हातानं जेवत, दुसऱ्या हातानं. ती आणि तिचे काका, दोघांची मिळून एक चिमुकली कंपनी, काकांच्याच घराच्या मागच्या खोलीत. शिंप्यांनी गिऱ्हाइकांची मापं फोनवर जपून ठेवावीत, असं ॲप ते विकतात. घेणारी दुकानं मोजकी. त्यांच्या पैशात वीजबिल भागतं, पोट नाही.

काकांना आता ॲपमध्ये जादू हवी होती. कपडा शिवायच्या आधीच अंगावर दिसला पाहिजे. वर्षभराचं काम.

"आणि ती कुणालाच नको असेल तर?" धाकटीनं विचारलं.

"आधी बनवायचं, मग विकायचं. जगाची रीत आहे."

"मागच्या वर्षी रीतीनंच बनवलं होतंत. विकलं गेलं?"

"काळ वाईट होता."

"काका, तुमचा काळ कधी चांगला असतो ते एकदा सांगून ठेवा."

शेवटी तह झाला. महिनाअखेरीपर्यंत एक तरी दुकानदार मला दाबून पैसे भरायला तयार झाला, तर धाकटी म्हणेल ते बनवायचं. नाहीतर काकांची जादू, आणि धाकटीनं बाहेरून चालून आलेली नोकरी मुकाट्यानं धरायची.

मी सजूनधजून बसलो. लोक येत, मला वाचत आणि पुढे सरकत. लग्नाच्या बाजारातसुद्धा इतकं दुर्लक्ष होत नसेल.

मग एका दुपारी मला कुणीतरी दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तेही तीनदा. आकडा चढू लागला. धाकटी खुर्चीसकट गोल फिरली. मला मात्र ते बोट ओळखीचं झालं होतं. जाड, चिवट, दारावरची घंटा दाबल्यासारखं दाबणारं, आणि रोज चहानंतर येणारं. पण बटणाला तोंड कुठे असतं?

तिनं खोदून पाहिलं, तेव्हा ती जवळजवळ सगळी दाबादाबी याच खोलीतून झालेली निघाली.

"काका, हे तुम्ही?"

"मग काय. बिघडलंय तुझं बटण. रोज दाबून बघतोय, काही होतच नाही."

"होणारच नाही. त्याच्यामागे काही नाहीये. लोकांना हवंय का, एवढंच बघायचंय."

"मागे काही नाही, आणि दुकानात मांडलंस? आमच्या काळी याला फसवणूक म्हणत."

"दाबणाऱ्याला मी स्वतः फोन करून खरं सांगणार होते. आणि कुणालाही न विचारता वर्षभर राबण्याला आमच्या काळी काय म्हणतात, सांगू?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

त्यांची बोटं वजा केल्यावर उरलं एक. एकच. धाकटीनं लगेच फोन लावला. पलीकडे शिलाई मशीन धडधडत होतं.

"ताई, तुम्ही आमचं बटण दाबलं होतंत."

"हो, दाबलं की. कपडे शिवून दांडीवर टांगलेत, न्यायला कुणी येत नाही. फोन करत बसले तर शिवणार कोण? पैसे कुठे भरू?"

"खरं सांगते, तशी सोय अजून झालेली नाही. सध्या मीच हातानं फोन करेन."

"तुम्ही करा नाहीतर यंत्र करो. माझी दांडी रिकामी झाली म्हणजे झालं."

पैसे आले. धाकटी फोनला बसली. "तुमचा झगा तयार आहे. कधी नेताय?" हे तिनं असं विचारलं, की समोरच्यानं फोनच ठेवला.

"दे इकडे," काका म्हणाले. "वसुलीला निघालीयस का?" त्यांनी घसा साफ केला. "नमस्कार. तब्येत बरी ना? तुमचा कोट तुमची वाट बघतोय हो."

दांडी रिकामी झाली. त्या बाईंनी मैत्रिणींना सांगितलं, आणि माझ्यावर नवी बोटं येऊ लागली. सुई टोचलेली, खडूनं माखलेली, घाईतली. अशा बोटांसाठीच तर मी जन्मलो होतो.

महिना संपला. नोकरीला नकार कळवून धाकटी वळली, तर काका म्हणाले, "मी तर आधीपासून म्हणतच होतो." तिनं उघडलेलं तोंड मिटलं. ही तिची आजवरची सर्वांत मोठी माघार.

आता ती आपोआप निरोप देणारं खरं यंत्र बनवतेय. यंत्र तब्येत विचारणार नाही, म्हणून काका कुरकुरतात. तोवर माझ्यामागे तेच बसलेत, फोन कानाला लावून. मी पोकळ राहिलेलो नाही.

तेव्हा मंडळी, एखादं बटण दाबलंत आणि काहीच झालं नाही, तर लगेच त्याचा उद्धार करू नका. पलीकडे कुणाचे तरी कान टवकारलेले असतील. एकदाच दाबा आणि थांबा. फक्त बटण स्वतःच्याच कंपनीचं असेल, तर कृपा करून चहा घ्या आणि हात खिशात ठेवा.