थोरल्यांची थरथर

माणूस जनावरापासून वेगळा झाला तो हातामुळे, असं विद्वान सांगतात. अंगठा बोटांना टेकला आणि तिथून संस्कृती सुरू झाली. असेलही. पण ताईंचा अंगठा तर्जनीला टेकला की नाही, हे कळायला हल्ली ताईंना मान खाली घालून बघावं लागत होतं. आणि त्या ज्या कारखान्यात काम करत होत्या तिथली सगळी संस्कृती मालकांच्या केबिनमध्ये होती, काचेच्या फ्रेममध्ये.

कारखाना कवळ्यांचा होता. दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडाचे ठसे पाठवत. इथे त्यावरून साचा होई, मेणात दात बसत, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक येई आणि मग ती ओबडधोबड कवळी ताईंच्या टेबलावर येऊन पडे. ताईंनी ती घासायची, कडा मऊ करायच्या, चकाकी आणायची आणि शेवटी उजव्या हाताची तर्जनी सगळ्या कडेवरून एकदा सावकाश फिरवायची. डोळ्याला सहसा न दिसणारी पण हिरडीला बरोबर सापडणारी एखादी कूस, कुसळासारखं बारीक टोक, राहून जाते, ती बोटाला लागते. लागली की पुन्हा घासायची. त्या बोटाखालून गेल्याशिवाय एकही कवळी बाहेर पडत नसे. म्हणजे पगार ताईंचा असला तरी नोकरी त्या बोटाची होती.

घासायचं ते ‘थोरल्यां’वर. थोरले म्हणजे मालकांच्या वडिलांनी घेतलेली मोटर. तिला एक लवचीक नळी आणि नळीच्या टोकाला पेनासारखा धरायचा हँडपीस. वडील गेले, मोटर राहिली, म्हणून तिला आदराचं अनेकवचन. थोरले सुरू झाले की टेबल, टेबलावरचा चहा, खिडकीची काच आणि ताईंची दाढ एका सुरात थरथरू लागत. हा कारखान्यात गुण समजला जाई. थरथर आहे म्हणजे ताकद आहे. गुपचूप चालणारी मोटर म्हणजे पाणी घातलेलं दूध. आणि या समजुतीतून कामाची एक पद्धतच पडली होती: हँडपीस जितका थरथरेल तितका जास्त आवळायचा. ‘पळणाऱ्याची मान धरावी तसा धर,’ असं मोठ्या मालकांनी, म्हणजे त्याच वडिलांनी, ताईंना शिकवलं होतं. ताईंनी ते पुढे पाळीपाळीनं थोरल्यांवर बसणाऱ्या प्रत्येकीला शिकवलं. त्यातली एक, दोन मुलांची आई, हँडपीस दोन बोटांत अळवाचं पान धरावं तसा धरायची. ताईंनी तिच्या मनगटावर फूटपट्टी मारून पाहिली, मग नाद सोडला आणि तिचं नाव ‘ढिली’ ठेवलं. ते नाव सगळ्यांनी उचललं.

बधिरपणा आला तो चोरपावलांनी. आधी नुसत्या मुंग्या. मग सकाळी ताई उठायच्या आणि बोटं झोपलेली असायची, त्यांना झटकून झटकून उठवावं लागे. गारठ्यात दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडू लागली. कुलपात किल्ली घालताना, ब्लाउजचं हूक लावताना हाताऐवजी डोळ्यांना कामाला लावावं लागलं. हे सगळं ताईंनी चालवून घेतलं. मग एक दिवस एक कवळी परत आली, बरोबर डॉक्टरांचा निरोप, की पेशंटचा गाल सोलला आहे. ताईंनी कडेवरून बोट फिरवलं. काही नाही. त्यांनी ती उजेडात धरली. कूस होती. समोर दिसत होती आणि बोटाला लागत नव्हती.

ताईंनी ती पुन्हा घासली, बोटाला न विचारता, डोळ्यांनी बघून.

घरी सांगितलं, तर कारण सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं. नवऱ्याच्या मते मोबाइल. तो हे मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला. सासूबाईंच्या मते ओले केस बांधणं. नणंदेनं फोनवर विचारलं, की वहिनी, मनात काही साठलंय का, कारण साठलेलं कुठून तरी बाहेर येतंच. साठलेलं होतं, पण ते बोटांतून बाहेर येण्याइतकं थोडं नव्हतं. नेहमीच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, या वयात बायकांना असं होतं म्हणाले आणि तीन रंगांच्या गोळ्या दिल्या. हाताकडे त्यांची नजर गेली ती फक्त फी घेताना.

हात ताईंचा, पण कारण शोधत लोक ताईंच्या वयापर्यंत, स्वभावापर्यंत आणि न्हाणीघरापर्यंत जाऊन आले. दिवसभर त्या हातात काय असतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर ताईंनाही नाही. त्यांचा संशय स्वयंपाकघरातल्या जाड बुडाच्या पातेल्यावर होता. सासूबाईंशी चांगलं भांडून त्यांनी ते शेजारणीला देऊन टाकलं. शेजारीण खूश झाली. हात होता तसाच राहिला.

दरम्यान कामाचं काय, हा प्रश्न होताच. तो ताईंनी ज्या रीतीनं सोडवला ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. बोट मुकं झालं तरी ओठ बोलका होता. कडा घासून झाल्या की त्या भिंतीकडे तोंड करून खोकल्यासारखं करायच्या आणि कवळीची कड खालच्या ओठावरून फिरवायच्या. बोटाला कधी लागली नसती इतकी बारीक कूससुद्धा ओठ पकडायचा. नंतर कवळी धुऊन औषधाच्या पाण्यात पडायचीच, त्यामुळे त्यात पाप नव्हतं, फक्त लाज होती. हे एकट्या गिलाव्यानं पाहिलं. गिलावा म्हणजे साच्यांचं प्लास्टर कालवणारा कारागीर. डोक्यापासून चपलेपर्यंत पांढरा असल्यामुळे त्याचं खरं नाव कुणाला आठवत नसे. ‘ताई, मीठ बरोबर आहे ना?’ एवढंच त्यानं एकदा विचारलं आणि विषय कायमचा बंद केला.

तक्रारी थांबल्या. मालकांनी भर कामात येऊन ताईंच्या हाताचं कौतुक केलं. हात ते ऐकत होता की नाही, सांगता येत नाही.

शेवटी नवऱ्याला एकदाची सुट्टी मिळाली आणि ते दोघं नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, की दिवसभर हातात काय असतं. या साध्या प्रश्नानं ताईंचे डोळे भरून आले, आणि भरून आले म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. मग त्यांनी थोरले, थरथर, मान धरायची पद्धत, सगळं सांगितलं. बाईंनी मनगटावर टिचक्या मारल्या, मनगटं दुमडून धरायला लावली, बारीक झटके देणाऱ्या यंत्रावर तपासणी केली. मनगटात एक अरुंद बोळ असतो, त्यातून बोटांची नस जाते; सतत आवळून, वाकवून काम केलं की तो बोळ सुजतो आणि नस चेपते. शिवाय थरथरीनं बोटांतल्या बारीक शिरा आणि नसा वेगळाच मार खातात, टोकं पांढरी पडतात ती त्यामुळे. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा, हात उबेत ठेवा, मधे मधे थांबा, पकड सैल करा, ती मोटर बदला, आणि दाबण्यापिळण्याचे व्यायाम अजिबात करू नका, असं त्यांनी सांगितलं.

‘गोळ्या देते,’ त्या म्हणाल्या, ‘पण गोळ्या तुम्ही घेणार आणि मोटर तशीच थरथरणार असेल, तर पुढच्या वेळी मोटरलाच पाठवा माझ्याकडे.’

ताईंनी विचारलं, की बोट पहिल्यासारखं होईल का. ‘मुंग्या कमी होतील. गेलेलं सगळं परत येईल असं नाही सांगू शकत. उशीर झालाय.’

दुसऱ्या दिवशी ताईंनी घासणाऱ्या सगळ्या बायकांना बोलावून सांगितलं, की आजपासून हँडपीस सैल धरायचा.  मग एक म्हणाली, ‘आम्ही सैलच धरतो, ताई. तुम्ही बघत नसता तेव्हा.’

म्हणजे सगळ्या कारखान्यात मान आवळून बसलेल्या त्या एकट्याच होत्या.

तो संताप घेऊनच त्या केबिनमध्ये गेल्या. मोटर बदला, निदान उघडून तरी बघा, म्हणाल्या. मालक दुखावले. आपण एक कुटुंब आहोत, याची त्यांनी आठवण करून दिली. ही आठवण त्यांना पगारवाढ मागायला कुणी आलं की हमखास होई. मग ते उठून वडिलांच्या फोटोपाशी गेले आणि म्हणाले, की थोरल्यांना हात लावणं म्हणजे बाबांना हात लावणं. तुमच्या हाताची काळजी मात्र मी जातीनं घेतो.

घेतली. पुढच्याच आठवड्यात ‘हस्तस्वास्थ्य सप्ताह’ झाला. सूट घातलेले एक व्याख्याते आले आणि टाळ्या वाजवल्यानं शरीरातली अडलेली ऊर्जा मोकळी होते, असं त्यांनी सांगितलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताईंनीही. त्यांना त्यातली एकही लागली नाही. जाताना प्रत्येकीला एक रबरी चेंडू मिळाला, त्यावर कारखान्याचं नाव आणि हसणारी बत्तिशी. तो दिवसभर दाबत राहायचा. डॉक्टरीणबाईंनी नेमकं जे करू नका सांगितलं होतं, ते मालकांनी छापून वाटलं. ताईंनी तसं सांगितलं, तेव्हा मालक प्रेमानं म्हणाले, की सकारात्मक राहा.

सप्ताहाच्या शेवटी भिंतीवर एक पाटीही लागली. वर्धापनदिनाला मोठे दंतवैद्य येणार होते आणि स्वच्छता दिसायला हवी होती; ओठाचं मालकांच्या गावीही नव्हतं. पाटीवर लिहिलं होतं: ‘तपासणी फक्त बोटाने.’ गिलाव्यानं ती वाचली, ताईंकडे पाहिलं आणि प्लास्टर कालवायला लागला.

वर्धापनदिनाला मालकांचं भाषण होतं. विषय, ‘स्पर्श हीच आमची ओळख’. पण मालकांचे वरचे दोन दात नुकतेच गेले होते, आणि दोन दातांच्या फटीतून ओळख नीट बाहेर पडत नव्हती. त्यांनी स्वतःसाठी छोटी कवळी बनवायला टाकली आणि ती घासून तपासायला ताईंकडेच आणून दिली.

ताई उठून उभ्या राहिल्या. ‘साहेब, माझं बोट मुकं झालंय. कड टोचरी आहे की मऊ, ते मला सांगत नाही. ही ढिलीकडून तपासून घ्या.’

‘ताई, तुमच्या हातावर तुमच्यापेक्षा माझा विश्वास जास्त आहे,’ मालक म्हणाले आणि पाहुण्यांच्या खुर्च्या मोजायला गेले.

ताईंनी कवळी घासली. चकाकी आणली. तर्जनी कडेवरून फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. बोट म्हणत होतं, छान आहे. ते हल्ली सगळ्यालाच छान म्हणायचं. ओठ वीतभर अंतरावर होता. इतक्या वर्षांत त्यांनी कळूनसवरून सदोष माल बाहेर सोडला नव्हता, आणि भिंतीकडे वळून खोकायला क्षणभर पुरला असता. गिलावा कालवायचा थांबला होता. ताई भिंतीकडे वळल्यासुद्धा. तिथे पाटी होती. ती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. नोकरीला त्यांचं बोट होतं; ओठ आजवर फुकट राबला होता. त्यांनी कवळी धुऊन औषधाच्या पाण्यात टाकली.

मालकांनी ती सकाळीच बसवली आणि बोलायचा सराव केला. भाषणाची वेळ झाली तेव्हा त्यांची जीभ एका बाजूला सोलून निघाली होती. पहिल्याच ‘स्पर्शा’ला त्यांनी गाल धरला, दुसऱ्याला पाणी मागितलं, आणि तिसरा न येताच भाषण संपलं. कारखान्याच्या इतिहासातलं ते सर्वांत लोकप्रिय भाषण ठरलं. दंतवैद्यांनी घड्याळाकडे बघत मनापासून टाळ्या वाजवल्या.

पाहुणे गेल्यावर मालक रुमालात कवळी घेऊन ताईंच्या टेबलापाशी आले.

‘इथे टोक आहे, ताई.’

‘असेल.’

‘तुम्ही तपासली नाहीत?’

‘तपासली. बोटानं.’ ताईंनी पाटीकडे बोट दाखवलं, तेच. ‘ते काही सांगत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. आता जिभेनं ऐकलंत.’

गिलाव्यानं बादलीत तोंड घातलं. मालकांना बोलायचं बरंच असावं, पण जीभ दुखत होती. त्यांनी ताईंना बाजूला व्हायची खूण केली, स्वतः स्टुलावर बसले आणि थोरले सुरू केले. आपण दाखवूनच देऊ, असा आव होता. बाबांनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी हँडपीसची मान धरली. टेबल थरथरलं, काच थरथरली, मालकांचे उरलेले दात थरथरले. टोक छोटं होतं, पण सवय नसलेल्या हाताला ते सापडेना. बऱ्याच वेळानं त्यांनी मोटर बंद केली, उजवा हात वर धरला, उघडला, मिटला आणि झटकला. पुन्हा झटकला.

‘हे असंच होतं?’

‘असंच.’

‘रोज?’

ताईंनी थोरल्यांवर फडकं घातलं. मालक हात काखेत धरून केबिनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं थोरल्यांचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि म्हणाला, की बेअरिंग गेलंय. मालकांनी विचारलं, की ही थरथर म्हणजे मोटरची ताकद ना. मिस्त्रीनं त्यांच्याकडे वर मान करून पाहिलं आणि ते थट्टा करत नाहीत हे लक्षात आल्यावर पुन्हा खाली घातली. ही मोटर नवी असताना थरथरत नसणार, असं तो म्हणाला. त्यानं बेअरिंग बदललं. ताईंनी त्याच्यासाठी आणलेला चहा अजून गरम होता.

थोरले आता आवाज न करता चालतात. शेवटची तपासणी ‘ढिली’ करते. ताईंच्या मुंग्या कमी झाल्या, तर्जनी काही आली नाही, म्हणून मालकांनी त्यांना पॅकिंगला बसवलं. खोक्यात कवळी हलू नये म्हणून बाजूला काहीतरी मऊ घालावं लागतं. ताई रबरी चेंडू घालतात.