पारदर्शक पिशवीतला मंगळ

मित्रांनो, मला जरा हलक्या हाताने धरा. मी विज्ञानकथांच्या मासिकाचा एक जुना अंक आहे. माझ्या मुखपृष्ठावर तांबडे आभाळ आहे, एक चकचकीत अग्निबाण आहे आणि तीन डोळ्यांचा हिरवा प्राणी आहे. हा प्राणी माझ्या एकाही कथेत नाही. चित्रकाराला कथा वाचायला सवड मिळाली नाही, म्हणून त्याने तो आपल्या मनाने काढला. तरी लोक त्याच्यासाठीच मला हातात घेत.

माझा कागद लाकडाच्या लगद्याचा, सगळ्यांत स्वस्त. माझी शाई बोटांना लागे. मी महिनाभर टिकलो तरी पुष्कळ, असेच छापणाऱ्यांना वाटत असावे.

मला विकत घेतले ते चष्म्याची भिंगे घासणाऱ्या एका कारागिराने. जेवणाच्या सुट्टीत तो मला मोठ्याने वाची, म्हणून कारखान्यात त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. माझ्यातली मोठी कथा मंगळावर एकट्याच राहिलेल्या तारयंत्रवाल्याची. तो रोज पृथ्वीला संदेश पाठवतो आणि एक दिवस त्याला उत्तर येते. पण पृथ्वीकडून नाही. रेडिओ नेमका तिथे थांबे.

“अरे, पुढे वाच की!”

“बॅटरी संपली. बाकीचं उद्या.”

मग कोणी चिडून त्याच्या डब्यातली भाजी पळवी आणि सगळे हसत. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. माझ्या पानांवर भिंगांची पांढरी पूड अजून आहे.

पुढे त्याच्या धाकट्या मुलीने मला वाचले. ती शाळेत विज्ञान शिकत होती. तिने पेन्सिलीने समासात लिहिले, ‘मंगळावर इतकी हवा नाही. हा प्राणवायूच्या मुखवट्याशिवाय फिरतो कसा?’ आणि मला बापापुढे आपटले.

बाप म्हणाला, “अगं, लिहिणाऱ्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना गडी तिथपर्यंत जाऊन आला, ते बघ ना.”

ती पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागली.

मुले मोठी झाली. मी थोरल्या मुलाच्या वाट्याला आलो. त्याला जुने अंक जमवण्याचे वेड होते. त्याने मला जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातले, तोंड चिकटपट्टीने बंद केले आणि कपाटात उभे केले. पाहुणे आले की तो मला बाहेर काढी. “हात नाही हं लावायचा,” असे आधीच बजावी. पाहुणे माझा हिरवा प्राणी बघत, वा वा करत आणि चहाकडे वळत. पुन्हा कपाटाचे दार लागे. माझ्या शेजारी माझ्यासारखेच कितीतरी अंक होते, पण पिशवीतून पिशवीशी बोलता येत नाही. माझा तारयंत्रवाला आतल्या आत रोज संदेश पाठवत राहिला. ऐकणारे कोणी नव्हते.

थोरल्याने हे सारे मायेनेच केले होते. त्याला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. माझ्यासारख्या कागदात आपोआप आम्ल तयार होते. मोकळ्या हवेत त्याची वाफ थोडीफार निघून जाते. बंद पिशवीत ती कोंडते आणि कागदालाच खाते. मी आधी पिवळा पडलो, मग तपकिरी, मग कडांनी तडकू लागलो. पुन्हा वाचला जाण्याआधीच माझा भुगा होणार, हे मला कळून चुकले.

एका दुपारी धाकटी माहेरी आली. ती आता प्रयोगशाळेत काम करते. तिने कपाट उघडले आणि मला उजेडात धरून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली,

“दादा, अरे, हा आतल्या आत जळतोय. पिशवी काढ.”

“वेडी आहेस का? इतकी वर्षं जपलाय मी.”

“जपलायस, पण वाचलायस का?”

थोरला चिकटपट्टीवरून अंगठा फिरवत राहिला.

“वाचायला वेळ कुठे असतो?” तो अखेर पुटपुटला.

खिडकीपाशी म्हातारा रेडिओ बसला होता. जन्मभर लोकांसाठी भिंगे घासली, पण आता कोणतेच भिंग त्याच्या उपयोगाचे नव्हते. तो म्हणाला, “मला दिसत नाही, तिचा घसा बसलाय. तूच वाच.”

“बाबा, पानं तुटतील.”

“तुटतीलच. न वाचताही तुटतीलच.”

थोरल्याने पिशवी कापली. किती वर्षांनी मला हवा लागली! पहिले पान उलटताना कोपरा मोडून त्याच्या मांडीवर पडला. तो दचकला, थांबला, मग वाचू लागला. आधी अडखळत, मग भरभर. तारयंत्र वाजले. उत्तर आले.

“बाबा, उत्तर कोण देतं?”

“ते मी कशाला सांगू? वाच.”

थोडे वाचून तो बापाकडे बघतो, तर बाप झोपलेला. धाकटीने ओठांवर बोट ठेवले. थोरल्याने आवाज उतरवला, पण वाचणे थांबवले नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या अंकांना उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा, साध्या कागदी पाकिटात ठेवा. आमचे विज्ञान चुकलेले असेल तर खुशाल हसा. पण आम्हाला नुसते जपू नका. माझे वाचायचे एकच पान उरले आहे आणि ते मधोमध चिरले आहे. थोरल्याने आताच दोन्ही हात विजारीला पुसले आहेत. पान तुटले तर तुटू दे, पण त्याने ते उलटावे.