भट्टीपुढचा सडा

हातात लाल पेन्सिल आली की अन्नपूर्णाबाईंना दहा हत्तींचं बळ यायचं. नवरा चरोद्याच्या रेल्वे यार्डात नोकरीला होता आणि दर रविवारी दुपारी क्वार्टरच्या ओट्यावर बाई मजूर बायकांचा वर्ग भरवत. तिकडे भिलाईचा मोठा कारखाना उभा राहत होता, आणि डोक्यावरून वाळू-विटा वाहणाऱ्या या बायकांना नुसती सही शिकवून बाईंचं समाधान होत नव्हतं. त्या विज्ञान शिकवत. “यांना विज्ञान कशाला?” असं कुणी विचारलं, की बाई फटकन म्हणत, “तुम्हाला शिकवलं त्याचा तरी काय उजेड पडला?”

आठ दिवसांमागच्या रविवारी भौतिक आणि रासायनिक बदलाचा धडा झाला. बाईंनी कागद जाळून दाखवला. जळाला तो गेला, त्याचा पुन्हा कागद होत नाही. हा रासायनिक बदल. मग स्टोव्हवर केटली ठेवली. वाफ सुसाटत निघाली तशी पुढे बसलेली शेवंता दचकून मागे सरकली. बाया हसल्या. बाईंनी वाफेवर थंड ताटली धरली, तिच्यावरचं पाणी शेवंताच्या तळहातावर टिपटिप पाडलं आणि म्हणाल्या, “बघ, पाण्याचं पुन्हा पाणीच. हा भौतिक बदल. यात भ्यायचं काम नाही.”

शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं. ते बाईंनी पदरचं घातलं होतं.

काल रविवारी बायकांनी उत्तरं लिहून दिली आणि आज सोमवारी सकाळी बाई वह्या तपासत होत्या. शेवंताचं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, पण उत्तर नेमकं होतं. ‘पान्याची वाफ होते, वाफेचं पानी होते. भौतिक बदल. भ्यायचं काम नाही.’ बाईंनी खूश होऊन बरोबरची लांबलचक खूण केली. त्याखाली आणखी चार ओळी होत्या.

‘उद्या अकरा वाजता आमच्या भट्टीतून पयलं लोखंड निघते. मिस्तरी म्हनते तिथं पानी नको. पन लक्ष्मी घरात येते तं तिच्यापुढं कोरडं कसं ठेवाव? मी पहाटे दोन बादल्या सडा टाकीन, वरून कोरडी वाळू पसरवीन. वाफच तं होईन.’

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि त्या ओळी पुन्हा वाचल्या. केटलीतल्या वाफेला बाहेर पडायला तोटी होती. वाळूत मुरलेल्या पाण्यावरून वितळलेलं लोखंड वाहिलं, तर त्या वाफेला वाट कुठली? ती लोखंडच उडवणार, आणि त्याच्या काठावर घमेली घेऊन सहा बाया उभ्या असणार. मिस्त्रीला वर कोरडी वाळू दिसणार. खालची ओल ठाऊक असलेलं शेवंताखेरीज एकच माणूस होतं, आणि ते इथं ओट्यावर वह्या तपासत बसलं होतं.

घड्याळात दहा पंचवीस झाले होते.

बाईंनी नवऱ्याची सायकल काढली, पदर खोचला आणि शेवंता कामाला होती त्या ओतशाळेकडे, दुर्गच्या रस्त्याला लागल्या. नागपूरला लहानपणी शिकलेली सायकल वीस वर्षांनी कामी आली. दोनदा पडल्या. वाटेतले लोक बघत राहिले, बघू देत.

बाबुलाल ठेकेदाराची ओतशाळा म्हणजे पत्र्याची शेड आणि उंच गोल भट्टी. नव्या वस्तीच्या गटारांची झाकणं इथं ओतायची होती. भट्टीला झेंडूचा हार होता. तिच्या तोंडापासून साच्यांपर्यंत लोखंड वाहून न्यायला वाळूत नाळ आखलेली होती, आणि गुलाबराव मिस्त्री तोंडाचा मातीचा डट्टा फोडायला सळई घेऊन उभा होता.

“मिस्त्री, थांबा! वाळूखाली पाणी आहे!”

“कोनं सांगतलं?” गुलाबराव चिडला. “मी सोता पायली बाई वाळू. कोरडी ठण्ण आहे.”

“बाईजी, मुहूर्त टल जाएगा,” बाबुलालने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

वही तर घाईत ओट्यावरच राहिली होती. बाई शेवंताकडे वळल्या. ती नाळेच्या तोंडाशीच उभी होती. “शेवंता, सांग यांना.”

शेवंताने ठेकेदाराकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. “मी काई नाई टाकलं.”

खरं बोलली असती तर काम गेलं असतं. बाईंना तिचा राग आला आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. गुलाबरावने सळई उचलली. बाई सरळ नाळेत जाऊन उभ्या राहिल्या. पाठीला भट्टीची धग भाजत होती.

“शेवंता, चूक माही आहे,” त्या सगळ्यांदेखत ओरडल्या. “मी तुले चुकीचं शिकवलं. वाफेले भ्यायचं असते! तू मरशीन, ह्या साऱ्या मरतीन, अन् मारनारी मी असीन!”

नागपूरच्या ट्रेनिंग कॉलेजातून आलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती. शेवंताच्या हातातलं घमेलं पडलं. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उकरू लागली.

गुलाबरावने खालची मूठभर वाळू घेऊन दाबली. मूठ उघडली तर तळहातावर लाडू. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं. “भात्याची हवा बंद करा रे,” तो म्हणाला, आणि सळई बाजूला टाकली.

ओली वाळू उपसून बाजूला ढीग लावला, भाजलेली वाळू भरली, आणि मुहूर्त टळल्यावर लोखंड निघालं. वळणावर त्यातलं चमचाभर उसळून त्या ओल्या ढिगावर पडलं. बंदुकीसारखा बार झाला आणि शेजारच्या ताडपत्रीची चाळण झाली. सगळे त्या ताडपत्रीकडे पाहत राहिले. एवढंसं लोखंड होतं. नाळेतून तर सात-आठ मण जायचं होतं.

शेवंताने हळूच विचारलं, “बाई, मंग हा कोनता बदल व्हय?”

“भौतिकच.”

“मंग माहं उत्तर बरोबर हाय?”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

घरी आल्यावर त्यांनी ती वही पुन्हा उघडली. बरोबरची खूण तशीच ठेवली. ‘भ्यायचं काम नाही’ एवढं मात्र लाल पेन्सिलीने खोडलं. शेजारी समासात शून्य मांडलं, आणि कुणाचं ते कळावं म्हणून त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं.