वारुळाची खबरबात

तिने खुर्ची ओढत कुंपणापाशी नेली, हलवून पाहिली, चारही पाय नीट टेकल्यावर भावाला हाताला धरून बसवलं.

"हं, चिमे, काय म्हणतायत मंडळी?" त्याने विचारलं.

ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली. "कामात आहेत. तिघीजणी मिळून एक बी ओढतायत. चौथी नुसतीच मागे मागे फिरतेय."

"मुकादम असेल," तो हसला.

समोर वारूळ होतं, त्याची भोकंही होती. मुंगी एकही नव्हती.

भावाने आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं. वहिनी गेल्यावर तो धाकट्या बहिणीकडे राहायला आला. तिची रोपांची नर्सरी होती. नर्सरीमागच्या पडीक तुकड्यात त्याला हे वारूळ दिसलं आणि त्याचा जीव तिथेच रमला. कुंड्या घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तो तिकडे ओढून न्यायचा. "कौतुक सगळं गांडुळांचं होतं, राबतात या," म्हणायचा. खालची माती वर आणतात, वरचं बी खाली नेतात, त्यातलं विसरलेलं बी उगवतं. वारुळाभोवती गवत नेहमी दाट असायचं. गवतात कोळी, कोळ्यांवर टपलेला सरडा, आणि नखाएवढी निळी फुलपाखरं. गिऱ्हाईक घड्याळ बघायचं. ती लांबून हात जोडून त्यांची माफी मागायची.

मग त्याचे डोळे गेले. उपचारांसाठी तो बरेच दिवस हॉस्पिटलात होता. परत आला तेव्हा त्याला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं.

तो हॉस्पिटलात असतानाच तिच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडले. देठादेठावर पांढरा कापूस आणि त्यावर मुंग्यांची ये-जा. दोन गिऱ्हाइकांनी रोपं परत आणून टेबलावर आदळली. दिवसभर नर्सरी, संध्याकाळी हॉस्पिटल. ती पार मेटाकुटीला आली होती. एका दुपारी मुंग्या मारायच्या पावडरचा डबा घेऊन ती मागे वारुळापाशी गेली आणि प्रत्येक भोकात ओतून आली. वारुळातल्या मुंग्या बी वेचणाऱ्या, रोपांवर चढणाऱ्या वेगळ्या, हे त्याने तिला कितीदा तरी सांगितलं होतं. तेव्हा ती हिशेब करता करता नुसती हं हं म्हणाली होती.

जास्वंदीवरच्या मुंग्या तशाच राहिल्या.

घरी आल्या दिवशीच तो म्हणाला, "मला मागे घेऊन चल." आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आहेत रे, मजेत आहेत."

तेव्हापासून हे रोजचं झालं. खोटं पटावं म्हणून ती सकाळी रस्त्यापलीकडच्या भिंतीशी थांबून तिथल्या मुंग्या बघायची आणि संध्याकाळी त्यांची हकीकत सांगायची. एकीने दुसरीला उचलून नेलं. वाटेत पान आलं, तर सगळ्या वळसा घालून गेल्या. इतकी वर्षं आपण हे कधी पाहिलंच नाही, याचं तिला नवल वाटायचं. इकडे वारुळाभोवतीचं गवत विरळ होत चाललं होतं. सरडा दिसेनासा झाला होता.

त्या संध्याकाळी तिने पाणी प्यायला दिलं, तर अर्धा तांब्या पिऊन उरलेलं त्याने समोर ओतलं. पूर्वी तिथे ओतलेलं पाणी बघता बघता जिरायचं. आता ते तसंच तुंबून राहिलं आणि हळूहळू पसरत त्याच्या पायाला लागलं. त्याने पाय मागे घेतला नाही.

"माती बसली," तो म्हणाला.

तिने रिकामा तांब्या त्याच्या हातातून घेतला.

"कधीकधी जागा बदलतात त्या. गेल्या असतील दुसरीकडे."

हो म्हटलं असतं तर सुटली असती. तिने तोंड उघडलंही. पण निघालं ते वेगळंच.

"दादा, मी पावडर टाकली. तू हॉस्पिटलात होतास तेव्हा."

"माहीत आहे. आलो त्या दिवशीच वास आला."

"मग रोज का विचारत होतास?"

"तू सांगशील म्हणून."

तिने पदराने त्याचं ओलं पाऊल पुसलं. नंतर दुसरंही पुसलं, ते कोरडं होतं तरी.

"परत येतील ना रे?" तिने विचारलं.

त्याने हात पुढे केला, तिचं डोकं कुठे आहे ते चाचपडून शोधलं आणि तिथेच ठेवला.

"येतील," तो म्हणाला. "वेळ लागेल. पण तू बघशील."