माझ्यासमोर बसणार कोण?

मी एक जुना संगणक आहे. वय वर्षे बारा. मित्रांनो, बारा वर्षे म्हणजे तुमच्याकडे पोरवय. आमच्याकडे साठी उलटल्यासारखे असते. आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची कीव नको. मला प्रेमाने वागवणारी माणसे फारशी भेटली नाहीत, आणि मीही कुणाशी फार प्रेमाने वागलो नाही. पण माझ्यावरून एका घरात भाऊ-बहिणीची जी जुंपली, ती ऐकण्यासारखी आहे.

एका कारखान्यात लांबलचक टेबलावर माझी जुळणी झाली. एकीने माझ्या पाठीत पंखा बसवला, दुसऱ्याने स्मृतीच्या पट्ट्या खोचल्या, तिसऱ्याने झाकण आवळले. मग मी खोक्यात बंद होऊन निघालो तो थेट एका चष्म्याच्या दुकानात येऊन पोहोचलो. दुकानाच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत उंच खुर्ची, भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आणि काचेच्या कपाटात ओळीने फ्रेमा. मागच्या खोलीत काचा घासायचे यंत्र, त्यावर थेंब थेंब गळणारे पाणी आणि सगळीकडे पांढरी भुकटी.

दुकान वडिलांचे. डोळे तपासायला त्यांनी मुलीला आणि मुलाला, दोघांनाही शिकवले होते. पण गुडघे गेल्यावर ते वरच्या मजल्यावर जाऊन बसले आणि पुढच्या खोलीत धाकटा मुलगा बसला, तो उठलाच नाही. त्याला सगळे भाऊ म्हणत. थोरली मुलगी ताई. ती मागे काचा घासायची.

भाऊची बोटे माझ्यावर झरझर चालत. त्याने हजारो गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर माझ्यात एका तक्त्यात भरून ठेवले. कुणी मोडका चष्मा घेऊन आले की नाव विचारायचा आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नंबर सांगायचा. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचे. कौतुक त्याचे व्हायचे, पण छाती माझी फुगायची.

एकदा ताईने माझ्या कळांना हात लावला. भाऊ खेकसला, "ताई, हात लावू नकोस. बिघडेल."

"पुसलेत मी हात."

"तरी नको. तुझं मागे, माझं पुढे."

ताई मागे गेली आणि मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू? तिच्या नखांतली ती भुकटी मला आवडत नसे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. संगणक म्हणजे नुसता पत्रा आणि तारा. पडद्यावर काय दाखवायचे, कागद कसा छापायचा, कुठली फाइल कुठे ठेवायची, हे सगळे सांभाळणारी आत एक कारभारीण असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. माझी कारभारीण विकतची होती. एके दिवशी ती बनवणाऱ्या कंपनीने कळवले, हिची डागडुजी यापुढे बंद. म्हणजे घराला चोर लागला तरी कुलूप बदलायला कुणी येणार नाही. नवी कारभारीण होती, पण तिने माझा जुना संसार पाहून नाक मुरडले आणि या घरात मी नांदणार नाही असे साफ सांगितले. मी रखडू लागलो. ज्या भाऊने मला डोक्यावर घेतले होते, तोच आता माझ्या पत्र्यावर बुक्क्या मारू लागला.

एका रविवारी तो वडिलांना सरळ म्हणाला, "हा डबा मेलाय. दुकानातही राम राहिला नाही. जागा भाड्यानं देऊन टाकू. मला दुसरीकडे नोकरी मिळतेय. ताईला काय, काचा कुठंही घासता येतील."

"मी चालवीन दुकान," ताई म्हणाली.

"तू?" भाऊ खो खो हसला. "माउस कुठल्या बाजूनं धरतात ते तरी माहीत आहे का?"

"शेपटीकडून धरत नाहीत एवढं माहीत आहे."

"बाबा, ऐका हिचं!"

वडिलांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "एक महिना देतो," ते म्हणाले. "महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी खाली उतरेन. गिऱ्हाइकाचा नंबर शोधायचा, त्याची चिठ्ठी छापायची आणि काचांची मागणी कारखान्याला पाठवायची. तिन्ही कामं एकटीनं केलीस तर किल्ली तुझी, पोरी. नाहीतर भाऊ म्हणतो तसं."

जाता जाता भाऊने मला लाथ घातली. "दोन दिवसांत तूच याला भंगारात देशील," तो ताईला म्हणाला. त्या दिवसापासून त्याने दुकानात पाऊल टाकले नाही आणि पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांचे डोळे ताईच तपासू लागली.

ताईने गल्लीच्या टोकाच्या दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने माझे पोट उघडले, धुळीवर फुंकर मारली आणि म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. मुक्त सिस्टीम टाकू. लिनक्स. हिची बनवायची कृती उघडी असते. जगभरातली माणसं ती वाचतात, सुधारतात आणि वाटून टाकतात. पैसे पडत नाहीत."

"कुठली घ्यायची?"

"अहो, शेकडो आहेत. पण मी वापरतो तीच अस्सल."

त्याने एक पेन ड्राइव्ह माझ्या कुशीत खोचला आणि माझी आतली साठवणीची तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, न पुसता नुसत्या त्या कांडीवरून ती अस्सल कारभारीण उठवली. काळाकुट्ट पडदा आणि त्यावर एक लुकलुकणारी रेघ. बाकी शुकशुकाट.

"चित्रं कुठं आहेत?" ताईने विचारले.

"चित्रं कशाला? हुकूम टाइप करायचे."

"आणि मला ते येत नसतील तर?"

"शिका," दुरुस्तीवाला म्हणाला आणि निघून गेला.

चार दिवस ताई माझ्यासमोर बसली. एका बोटाने एकेक अक्षर शोधायची. एक टिंब चुकले तरी मी पडद्यावर 'असा हुकूम नाही' असे फेकायचो, आणि मित्रांनो, मला ते फेकताना मजा यायची. पाचव्या दिवशी तिने माझ्या डोक्यावर अशी चापट मारली की माझा पंखाच दोन क्षण अडखळला. मग ती उठली, हात धुतले आणि दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतले.

"बसा," तिने उंच खुर्चीकडे बोट दाखवले.

"मला कशाला? माझे डोळे चांगले आहेत."

"बसा म्हणते ना."

तो बसला. ताईने त्याच्या नाकावर तपासणीची जाड गोल फ्रेम चढवली आणि पेटीतून शोधून दोन जाडजूड काचा तिच्यात सरकवल्या.

"वाचा समोरची ओळ."

"काही दिसत नाही हो!"

"उत्तम काच आहे. आमच्याकडची सगळ्यात भारी. माझ्या आत्याला हिच्यातून मुंगीचे पाय दिसतात. वाचा."

"अहो ताई, सगळं धुरकट झालंय. डोकं गरगरतंय माझं."

"शिका," ताई म्हणाली.

मग ताईने फ्रेम काढून घेतली. "काच चांगली असून चालत नाही," ती म्हणाली. "ज्याच्या डोळ्यावर चढवायची त्याला विचारावं लागतं. मी प्रत्येकाला दोन काचा दाखवते आणि विचारते, ही बरी की आधीची? तुम्ही मला एकदा तरी विचारलंत?"

"पण या कामात मला वीस वर्षं झालीत!"

"मला तीस झालीत. तीन वेगवेगळ्या सिस्टीम घेऊन या. मी लावून बघेन आणि मीच सांगेन."

दुरुस्तीवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण दुसऱ्या दिवशी तो तीन पेन ड्राइव्ह घेऊन आला. प्रत्येकावर एकेक कारभारीण होती. नंबरांच्या तक्त्याची एक प्रत त्याने सरावासाठी वेगळ्या कांडीवर काढून दिली. माझ्या पोटातला मूळ तक्ता तसाच राहिला. ताईने एक कागद भिंतीला चिकटवला आणि त्यावर वडिलांनी सांगितलेली तीन कामे लिहिली. प्रत्येक सिस्टीमला तीन दिवस आणि तीच तीन कामे. मी बारा वर्षांत पुष्कळ हुशार माणसे पाहिली, पण निवड करायची ही साधी रीत त्यांपैकी कुणालाही सुचली नव्हती.

पहिली देखणी होती. खिडक्या झुलत उघडायच्या आणि विरघळत मिटायच्या. तेवढ्या झोकात माझी स्मृती संपायची आणि मला धाप लागायची. तक्ता उघडेपर्यंत ताई मागे जाऊन एक काच घासून यायची.

दुसरी चपळ होती, पण छापायच्या यंत्राची ओळखच तिला पटेना. दुरुस्तीवाल्याने दोन तास खटपट केली. ताई दारात उभी राहून म्हणाली, "रोज चिठ्ठी छापायला तुम्हाला बोलावू का मग?"

तिसरी दिसायला अगदी साधी होती. खाली एक पट्टी आणि कोपऱ्यात एक कळ. ती दाबली की सगळ्या कामांची यादी, आणि तीही मराठीत. अक्षरे मोठी करून मिळाली. छापायचे यंत्र जोडताच पडद्यावर त्याचे नाव उमटले. ताईने तक्ता उघडला, नाव शोधले, चिठ्ठी छापली. मागणीचे पत्र पाठवताना ती दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा मागे फिरायची वाट तिला समोरच दिसली.

"ही," ती म्हणाली.

"ही?" दुरुस्तीवाल्याने तोंड वाकडे केले. "ही तर बालवाडीतली आहे. जाणकार लोक हसतील."

"हसू देत. पहिलीतल्या पोराला कुणी दहावीचं पुस्तक देतं का?"

आता तिसरीला कायमचे माझ्या आत बसवायचे होते. त्यासाठी आतली तबकडी पुसावी लागणार होती. दुरुस्तीवाल्याचे बोट कळेवर गेले.

"थांबा," ताई म्हणाली. "नंबरांचं काय? सरावाच्या कांडीत मी नको तिथं बोटं घातलीत. खरा तक्ता आतच आहे."

"त्याच्या नव्या प्रती काढल्यात मी. या दोन कांड्यांवर."

"उघडून दाखवा."

"अहो, काढल्यात म्हटलं ना!"

"मी गिऱ्हाइकाला चष्मा घालून बघितल्याशिवाय दाराबाहेर सोडत नाही. उघडा."

पहिली कांडी उघडली तर ती रिकामी होती. प्रत पुरी होण्याआधीच त्याने ती घाईने उपसली होती. दुसरी उघडली तर तीही रिकामीच. हजारो माणसांचे खरे नंबर त्या क्षणी फक्त माझ्या पोटात होते आणि त्या माणसाचे बोट मघाशी कळेवर गेले होते. ताईने दोन्ही कांड्या त्याच्यापुढे सरकवल्या. त्याने पुन्हा प्रती काढल्या. तिने दोन्ही उघडून पहिले नाव पाहिले, शेवटचे नाव पाहिले आणि मगच मान हलवली.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. वडील कठडा धरून एकेक पायरी उतरले. भाऊ त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभा राहिला.

"चष्म्याची दांडी मोडलेला तो शिंपी," भाऊ म्हणाला. "काढ त्याचा नंबर."

ताईने काढला.

"चिठ्ठी."

चिठ्ठी बाहेर आली. तेवढ्यात भाऊने हात पुढे केला आणि माझी वीजच बंद केली. "आता कर सुरू. वीज जातेच की कधी कधी."

तिने वीज चालू केली, माझी कळ दाबली आणि मांडीवर हात ठेवून बसली. मित्रांनो, मनात आणले असते तर मी तेव्हा अडून बसलो असतो. भाऊ माझा जुना धनी होता. पण त्याची ती लाथ माझ्या पत्र्यावर अजून पोचा होऊन बसली होती. मी उठलो. ताईने तक्ता उघडला, मागणीचे पत्र लिहिले, पाठवले. दोन बोटांनी, पण पाठवले.

"फुकटची सिस्टीम," भाऊ म्हणाला. "उद्या बंद पडली तर कुणाच्या नावानं बोंब मारशील?"

"तुझी विकतची बंद पडली तेव्हा तू कुणाच्या नावानं मारलीस?"

भाऊ काही बोलणार इतक्यात वडील म्हणाले, "माझा नंबर काढ."

ताईने नाव शोधले. समोर डोळे तपासल्याची शेवटची तारीख होती. सहा वर्षांपूर्वीची. तिने ती मोठ्याने वाचली नाही, नुसता पडदा भाऊकडे वळवला.

"ते वरून खाली येत नव्हते," भाऊ पुटपुटला.

"तू वर जात होतास ना जेवायला?"

"तू नव्हतीस जात?"

वडिलांनी हात वर केला आणि दोघेही थांबले. "भांडण नंतर करा," ते म्हणाले. "किल्ली कोणाच्या हातात देतोय ते मला दिसायला तर हवं. आधी डोळे तपास."

ताईने त्यांना उंच खुर्चीत बसवले. अर्धा तास ती एकेक काच बदलत राहिली. नवा नंबर तिने माझ्यात लिहिला, जुन्या तारखेच्या खाली. मग वडिलांनी खिशातून किल्ली काढून तिच्या भुकटीने माखलेल्या तळहातावर ठेवली. भाऊ जिना न चढता बाहेरच्या दाराने गेला.

बहीण-भावाचे अजून धड बोलणे नाही. तो रस्त्याने जाताना दुकानाकडे पाठ करून जातो. ताईही त्याला हाक मारत नाही. ती मला अजून जोरात बडवते, आणि मीही तिला कधी कधी मुद्दाम ताटकळत ठेवतो. आमचे प्रेम जुळलेले नाही, पण काम जुळले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा कोपऱ्यात धूळ खात असेल, तर त्याला फेकण्याआधी एकदा त्याची धूळ झटका. त्याच्यात जे साठवलेले आहे त्याची प्रत काढा आणि ती उघडून पाहा. मग जो माणूस तो वापरणार आहे, आजोबा असोत, आई असो, त्याला समोर बसवा, दोन-तीन सिस्टीम दाखवा आणि तुम्ही मागे उभे राहा. माउस हिसकावू नका. 'एवढंही येत नाही?' म्हणू नका. त्याचे बोट चुकेल, पुन्हा चुकेल, तरी गप्प राहा. सगळ्यात अवघड काम तेच आहे. भाऊला ते अजून जमलेले नाही.