बिनमुठीची पटाशी

‘सुताराची जुनी हत्यारं विकणे आहेत,’ ही चिठ्ठी दुकानाच्या दारावर वाचून निवृत्त सुतार रविवारी त्यातल्या पत्त्यावर गेला. तो एकटाच राहत असे. दार उघडणाऱ्या बाईंचे यजमान, तेही सुतार, वर्षापूर्वी वारले होते. त्याने सगळी पेटीच मागितली. बाईंनी आतून फक्त रंधा आणला.

“बाकीचं पुढच्या रविवारी, भाऊ. शोधावं लागेल.”

त्याने रंध्याच्या तळाला पट्टी लावून तो उजेडात धरला. “तळ सपाट आहे. पातं झिजून निम्मं झालंय, म्हणजे माणूस धार लावणारा होता.”

“घरातली सुरी मात्र जन्मभर बोथट!” बाई हसल्या.

दर रविवारी एकेक हत्यार, असे सात रविवार गेले. आठव्याला एक पटाशी उरली होती. बाईंनी तिचं नुसतं पातं समोर ठेवलं.

“मूठ कुठे गेली, कोण जाणे.”

पात्याचं मुठीत बसणारं टोक लखलखीत होतं. मूठ नुकतीच काढलेली होती. नवी करायला त्याला अर्धा तास पुरला असता.

“शोधून ठेवा, वहिनी,” तो म्हणाला. “मुठीशिवाय काय कामाची?”

“मग रविवारी याच.”

तो घरी परतला. आधीची सात हत्यारं खिडकीत ओळीने ठेवलेली होती. त्यांतल्या एकालाही अजून लाकूड लागलं नव्हतं.